हंगामातलं दुसरं नाटक

अवधूत परचुरे मुळातच भित्रा माणूस. आभाळ गडगडलं की दुकानाचा मेन स्विच बंद करून बसणारा. महाडच्या बाजारपेठेत त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. पण जीव सगळा नाट्यमंडळात, आणि मंडळ चालवायचाही तोच. दिवाळी ते होळी मंडळ तीन नाटकं करायचं, आधी महाडला आणि मग पोलादपूरला. नव्व्याण्णवच्या हंगामाची यादी ठरली. आधी एक फार्स, शेवटी एक ऐतिहासिक, आणि मधे देवश्रीनं लिहिलेलं नवं नाटक, ‘हक्कसोड’.

देवश्री उमरठच्या शाळेत शिकवायची. नाटकातला भाऊ विधवा बहिणीला कसलासा सरकारी कागद म्हणून सांगतो, तिचा अंगठा उठवून घेतो आणि बापाच्या जमिनीतला तिचा वाटा जातो. भावाचं काम अवधूतच करणार होता. वाचन रंगलं. ही गोष्ट कोणाची, हे मात्र कोणी विचारलं नाही.

ते भाद्रपदातल्या एका दुपारी कळलं. उमरठचे महिपती नावाचे शेतकरी दुकानात आले. उंच, कोरडे, कमी बोलणारे. अवधूतनं तपासणीची फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि तो काचा बदलू लागला.

“जवळचं दिसत नाय,” महिपती म्हणाले. “लांबचं बरं दिसतं. माझ्या भैनीचं नाटक महाडात कोन करतंय, ते उमरठात बसून दिसलं मला.”

अवधूतच्या हातातली काच खाली पडली. महिपतींनी वाकून ती उचलली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि त्याच्या हातात ठेवली. चष्मा करायला सांगितला आणि मोटरसायकलवरून निघून गेले. आवाज चढवला नाही की दम दिला नाही. अवधूतला भीती वाटली ती त्याचीच.

पुढचे आठ दिवस दारात मोटरसायकल थांबली की तो दुकानाच्या आतल्या बाजूला जाऊन उभा राहायचा. जेवण जाईना. विनोदिनीनं, त्याच्या बायकोनं, खोदून खोदून विचारलं. त्यानं पित्तावर ढकललं. शेवटी देवश्रीला बोलावून त्यानं सांगून टाकलं की ‘हक्कसोड’ या हंगामात नको. देवश्री भांडली नाही. एवढंच म्हणाली, की महिपतींच्या बहिणीनं, साळूबाईंनी, विश्वासानं होकार दिला होता, तेव्हा नकार अवधूतसरांनी स्वतः उमरठला जाऊन सांगावा.

तो गेला. पोलादपूरला एसटी बदलताना दोनदा वाटलं, परत फिरावं. साळूबाईंचं घर गावाच्या टोकाला होतं. त्यांनी कोरा चहा पुढे ठेवला. तीन नाटकांची गर्दी झाली, असं काहीबाही तो सांगत राहिला. त्यांनी निवांत ऐकून घेतलं.

“माझ्या भावाला भ्यालात?”

अवधूतनं मान डोलावली.

“मी पन भिते. त्याच्याच विहिरीचं पानी पिते मी. तरी बाईंना सांगितलं. कोनाला तरी कळू दे म्हनून.” रिकामा कप उचलत त्या म्हणाल्या, “नाटकात ती कोर्टात जाते, असं बाईंनी लिवलंय. मी नाय गेली. भाऊ हाय तो माझा. केलंत कधी, तर तेवढं खरं करा.”

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. साळूबाईंनी नजर खाली घातली. महिपती उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. चारची गाडी गेली, पोलादपूरला सोडतो म्हणाले. नाही म्हणायचं होतं, पण अवधूत जाऊन मागे बसला.

रस्ता वळणावळणाचा, एका अंगाला खोल उतार. अवधूतनं मागची कडी दोन्ही हातांनी धरली होती आणि तळवे घामानं निसटत होते. एका मोरीवर गाडी थांबली. वर-खाली माणूस दिसत नव्हतं. संपलं, असं त्याला वाटलं.

“भावाचं काम कोन करतंय?”

कोणीच नाही, नाटकच रद्द केलंय, हे शब्द त्याच्या जिभेवर होते. तेवढं बोलला असता तर सुटला असता. पण चहाचा कप पुढे करणारी साळूबाई डोळ्यांसमोर आली.

“मी,” तो म्हणाला.

महिपतींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. “अंगठा घेताना तो हसतो काय?”

“हो. तसं लिहिलंय.”

“मी हसलो नव्हतो,” महिपती म्हणाले आणि त्यांनी किक मारली. पोलादपूरच्या स्टँडवर त्याला उतरवलं आणि मागे न बघता निघून गेले.

ती परवानगी होती की इशारा, हे अवधूतला त्या दिवशी कळलं नाही, पुढेही कधी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो छापखान्यात गेला आणि हंगामाच्या पत्रकासाठी तिन्ही नाटकांची नावं देऊन आला. देवश्रीनं कोर्टाचा प्रवेश काढला, भावाचं हसूही काढलं. भीती मात्र हलली नाही. दिवेलागणीच्या आत तो दुकान बंद करायचा आणि घरी दाराकडे तोंड करून बसायचा. पहिल्या तालमीत बहिणीचा अंगठा शाईवर टेकवताना त्याचा हात लटपटला. थांबून त्यानं सगळ्यांची माफी मागितली. देवश्री म्हणाली, “सर, राहू दे. तसंच करा.”