सर्वो मोटरच्या अंगातलं वारं

यंत्रालाही आत्मा असतो, आणि विज्ञानाला हे आज ना उद्या मान्य करावंच लागेल. रेवसच्या वीजबाबांनी हे जाहीर केलं तेव्हा समोर बसलेल्या तेवीस जणांत इंजिनियरिंग शिकलेला एकटा हर्षद होता, आणि हात जोडण्यात तोच सगळ्यांच्या पुढे होता.

अलिबागजवळच्या त्या कारखान्यात कोकम सरबताची पाकिटं भरली जात. हर्षद तिथला मेंटेनन्स बघायचा. शिवाय दर वर्षी शाळेत जाऊन मुलांना वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषण द्यायचा. भाषण पाठ होतं, त्यामुळे विचार करायची वेळ कधी आली नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी नवं मशीन आलं. पाकिटाचं प्लास्टिक ओढणारी त्याची सर्वो मोटर मध्येच थांबे आणि तिला चालवणाऱ्या ड्राइव्हवर लाल दिवा लागे. हर्षदने ड्राइव्ह बदलला, केबल बदलली, शेवटी मोटरही बदलली. प्रत्येक खेपेला मशीन दोन-तीन दिवस झकास चाले, हर्षद कॉलर ताठ करी, आणि पुन्हा लाल दिवा. मग मालकांनी बाबांना बोलावलं.

"अंगात वारं शिरलंय," बाबा म्हणाले. "वाऱ्याला वाऱ्यानंच काढायचं." त्यांनी मशीनचा मेन स्विच बंद करवला, उभा पंखा मशीनवर रोखला, पुढे धूप घातला आणि सगळ्यांना तासभर डोळे मिटायला लावले. तासाने मशीन सुरू. पाकिटं मोजणाऱ्या मनुबाई बाबांच्या पाया पडल्या. रांगेत पुढचा हर्षद.

तिसऱ्या खेपेला बाबांना कारणही दिसलं. "मंगळवारी-शुक्रवारी मशीनवर नारळ वाढवता, उत्तम. पण इथला एक हात नारळाला लागत न्हाय. तो मशीनवर नको."

सगळ्यांनी जयमालाकडे पाहिलं. मशीन तीच चालवायची. तिच्या घरी बुद्धवंदना होई आणि नारळ आमटीत पडे, म्हणून ती त्या वेळी बाजूला उभी राही. सोमवारपासून तिने मशीन सोडून खोके चिकटवावेत, असं मालकांनी ठरवलं. हर्षदने मान डोलावली. दोष तिच्या हातात असला तर तो आपल्या डोक्यात नाही, एवढं त्याला लगेच उमगलं.

शनिवारी जयमाला तिची वही घेऊन आली. "धरा साहेब. हात धुऊन लिवलंय, बाधायची न्हाय."

वहीत मशीन बंद पडल्याच्या वेळा होत्या. सगळे मंगळवार आणि शुक्रवार, नारळानंतर अर्ध्या तासाच्या आत.

"म्हणजे वारच वाईट?" हर्षद म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"वाराला कशाला नावं ठेवता? नारळ आपटता कुठं, ते वाकून बघा."

हर्षद वाकला. नारळ लोखंडी कोपऱ्यावर आपटला की पाणी कडेने ओघळून थेट मोटरच्या कनेक्टरवर. मोटर किती फिरली हे एन्कोडर मोजतो आणि ड्राइव्हला कळवतो, ते याच कनेक्टरमधून. तो भिजला की आकडे बिघडत आणि ड्राइव्ह मोटर थांबवी. कनेक्टरला खोबऱ्याचा एक तुकडासुद्धा चिकटला होता.

सोमवारी हर्षदने सगळ्यांसमोर वाटीभर नारळपाणी तिथे सोडलं. थोड्या वेळात लाल दिवा. मग स्विच बंद करून नुसता पंखा लावला. धूप नाही, डोळे उघडे. तासाने मशीन सुरू.

"मग बाबा काय करीत व्हते?" मनुबाईंनी विचारलं.

"वाळवत होते."

"आनि तुम्ही?"

"मी नारळ फोडत होतो."

हे खरंच होतं. ती प्रथा हर्षदनेच पाडली होती, कामगारांच्या भावना म्हणून. कामगारांनी ती पाळली, साहेबांच्या भावना म्हणून.

जयमाला मशीनवर परत बसली. हर्षद सगळ्यांकडे वळून म्हणाला, "काही बंद पडलं तर आधी वेळ लिहा. पाणी कुठून येतं ते बघा. माणसाच्या हातात दोष शोधू नका, आणि मी शोधायला लागलो तर मला थांबवा." हे भाषण पाठ नव्हतं, त्यामुळे तो दोनदा अडखळला.

कनेक्टरवर बसवायची रबरी टोपी मशीनबरोबरच आली होती. ती हर्षदच्या टेबलाच्या खणात होती, अगरबत्तीच्या पुड्याखाली.