पुलाखालचा काळा खडक

पाय मोडला आणि मोजणीवाल्याचं फिरतीचं काम सुटलं. गुडघ्यापासून टाचेपर्यंत पोलादी पट्ट्या बांधल्याशिवाय त्याला उभं राहता येईना, आणि खडकाचं चुंबकत्व टिपणारं यंत्र हाती घ्यायचं तर अंगावर किल्लीएवढंही लोखंड चालत नाही. उभी हयात उन्हातान्हात हिंडलेला माणूस कार्यालयाच्या कोपऱ्यात संगणकापुढे येऊन बसला. इतरांनी आणलेल्या आकड्यांवरून जमिनीखालच्या खडकाचा आकार आणि खोली ठरवायची, एवढंच आता त्याचं काम. लोक वाईट नव्हते. पण डबे उघडले की फिरतीवरच्या गप्पा रंगायच्या, आणि याच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. हळूहळू तो आपल्या जागेवरच जेवू लागला.

नदीवरच्या नव्या पुलाच्या जागेवरून आलेल्या आकड्यांच्या आलेखाने मात्र त्याला पेचात टाकलं. रेषेच्या मधोमध मोठा उंचवटा होता. खाली खोलवर एकसंध काळा खडक धरला तरी तो जुळत होता, आणि वरच्या मातीत विखुरलेले धोंडे धरले तरी जुळत होता. धोंड्यांच्या भरवशावर खांब उभा केला, तर पूल खचलाच म्हणून समजा.

काठी टेकत तो साहेबांकडे गेला. "मला जागेवर जायचंय."

"अहो, तुम्ही तिथे जाऊन काय करणार?"

"लांब उभा राहीन."

नदीकाठी मोजणी करणाऱ्या मुलीने त्याला बांधापाशीच अडवलं. "सर, इथून पुढे नको हं. नाहीतर तुमचा पायच खडक म्हणून सापडायचा!"

तो मनापासून हसला. मग तिथूनच ओरडून म्हणाला, "मागच्या नोंदी फार लांब लांब घेतल्यास गं. आता पावलापावलावर थांब. धोंडे असतील तर आकडे उड्या मारतील. खडक असेल तर सावकाश चढतील, सावकाश उतरतील."

ती यंत्र घेऊन गवतात दिसेनाशी झाली. तो बांधावर एकटाच उभा राहिला, ती आता कुठे पोचली असेल याचा अंदाज घेत.

आकडे सावकाश चढले, सावकाश उतरले. त्याने खडकाची खोली कळवली.

ड्रिलिंगच्या दिवशी तो पुन्हा गेला. या वेळी कुणी अडवलं नाही. त्याने सांगितलेल्या खोलीवरच ड्रिल काळ्या खडकाला भिडलं, आणि ड्रिल चालवणाऱ्याच्या पाठीवर थापा पडल्या.

"आपण कोण?" शेजारच्या माणसाने विचारलं.

"खोली मी काढली होती."

"अच्छा, अच्छा," म्हणत तो गृहस्थ पुढे सरकला. मोजणीच्या त्या मुलीने तेवढा खडकाचा एक ओला तुकडा मोजणीवाल्याच्या हातात आणून ठेवला.

संध्याकाळी त्याने बहिणीला फोन केला. "ताई, खडक लागला."

"अरे देवा! फार लागलं का रे?"

"मला नाही गं, ड्रिलला! मी सांगितलं होतं, अगदी तिथेच."

"हात्तिच्या! बरं झालं. जेवलास का?"

"जेवतो आता."

तिच्याकडे कुणीतरी दार वाजवलं. "नंतर बोलू हं," म्हणून तिने फोन ठेवला. आकडे कसे सावकाश चढत गेले, ते सांगायचं राहूनच गेलं.