कप्पा चाळीस

दादाने वायरमनला स्टोअरमध्ये कोंडून लोखंडी पाइपने हाणायला घेतलं, ते माझ्या शब्दावर.

परवा आमच्या कारखान्यातल्या मोठ्या प्रेसने धाकट्या भावाचा, बारक्याचा, उजवा पंजा चेचला. वीज गेली होती, म्हणून अडकलेला पत्रा काढायला त्याने हात आत घातला. वीज आली आणि पेडलला कोणी शिवलेलं नसताना प्रेस खाली आला. डॉक्टरांनी मनगटापासून हात काढला.

प्रेसचा प्रोसेसर जोडला वायरमनने, त्यावरचा प्रोग्रॅम माझा. दोष एक तर त्याचा, नाहीतर माझा. आज सकाळी दादाने विचारलं, "तुझ्याकडून काही राहिलं नाही ना?" मी फणकाऱ्याने लॅपटॉप उघडला. प्रेसवर थेट प्रयोग नकोत म्हणून मी 'डमी' लिहिलीय. काळ्या पडद्यावर एक कमांड टाकली की ती त्या प्रोसेसरचं सोंग घेते आणि पायरीपायरीला काय केलं ते छापते. मी ती हजार वेळा चालवून दाखवली. हजारही वेळा शेवटची ओळ एकच: प्रेस वर, थांबलेला.

"घे. माझं काम चोख आहे," मी म्हटलं. केवढा तोरा होता माझा!

"म्हणजे त्या हरामखोरानेच घात केला," दादा म्हणाला आणि कोपऱ्यातला पाइप उचलून गेला. मी अडवलं नाही. बारक्याचं बँडेज डोळ्यांसमोर होतं आणि कोणालातरी मार बसावा असं मलाही वाटत होतं.

भिंतीपलीकडून फटके ऐकू येऊ लागले. "कबूल कर!" दादा ओरडायचा. मग पाइपचा आवाज, मग वायरमनची किंकाळी. "ताई, वीज परत येते तेव्हा काय होतं ते बघा हो! पाया पडतो!"

त्याचं तोंड बंद करावं म्हणूनच मी बघायला बसले. डमीने छापलेली पहिलीच ओळ होती: सगळे कप्पे शून्य.

मला टापटीप आवडते, म्हणून सुरुवातीलाच मेमरीचा प्रत्येक कप्पा पुसायची सोय मी डमीत केली होती. खरा प्रोसेसर काही पुसत नाही. वीज गेली-आली की त्याच्या कप्प्यांत वाटेल तो कचरा असतो. आणि माझा प्रोग्रॅम आधी कप्पा चाळीस वाचतो. तिथे शून्य असेल तर प्रेस थांबलेला. दुसरं काहीही असेल तर अर्धवट राहिलेला दाब पूर्ण कर.

मी पुसायची ओळ काढली, कप्प्यांत वाटेल ते आकडे भरले आणि कमांड टाकली. तिसऱ्या पायरीला पडद्यावर उमटलं: प्रेस खाली.

पलीकडे काहीतरी कडकन मोडलं. मी धावले.

वायरमन पोत्यांना टेकून पडला होता. ओठ फाटलेला, डावा हात कोपरातून भलतीकडेच वळलेला.

"दादा, सोड त्याला. चूक माझी आहे. बारक्याचा हात मी घेतला."

"काहीतरी बरळू नकोस."

"डमीत दिसलं मला. वायर बरोबर आहे. मार मला."

दादाने पाइप वर केला. त्याचे डोळे लाल झाले होते. मी डोळे मिटले नाहीत. लहानपणापासून त्याने माझ्यावर कधी हात उगारला नव्हता आणि पाइप आताही माझ्यावर पडला नाही. दादा गर्रकन वळला आणि पाइप वायरमनच्या मांडीवर बसला.

"हे आधी का नाही बोललास? का नाही बोललास रे?"

वायरमन सगळा वेळ तेच सांगत होता. दादाने पुन्हा पाइप उचलला, या वेळी थेट डोक्याच्या रोखाने. फळीवर मोठा पाना होता. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जीव लावून दादाच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं पान्यातून माझ्या हाताला कळलं. पाइप खणखणत फरशीवर पडला आणि दादा मनगट पोटाशी धरून खाली बसला. तो लहान मुलासारखा रडायला लागला.

मी अॅम्ब्युलन्ससाठी हॉस्पिटलला फोन लावला.

"पेशंट किती?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"दोन."

"काय झालंय?"

"एकाचा कोपर, एकाचं मनगट."

"आणखी कोणी जखमी?"

"एक आहे," मी म्हटलं, "पण तो परवापासून तुमच्याकडेच आहे."