आठव्या दिवसाचा प्रश्न

पणतू आठ दिवसांचा झाला त्या सकाळी माझे गुडघे इतके दुखत होते, की समोर दिसली त्या खुर्चीत मी जाऊन बसले.

"आई, ऊठ. ती एलियाची खुर्ची आहे," लेक म्हणाली.

सुंतेला एलिया संदेष्टा साक्षीला येतो, म्हणून आम्हा ज्यूंमध्ये एक खुर्ची रिकामी ठेवतात. हे काय मला माहीत नव्हतं?

"आला की उठेन," मी म्हटलं. "त्याचे गुडघे माझ्यापेक्षा बरे असतील."

बाळाला मांडीवर घेऊन बसलेली नात हसली. तिचे सासरे मात्र हसले नाहीत. ते कधी घड्याळाकडे, कधी जिन्याकडे बघत होते. पाहुणे आले होते, चहा दोनदा झाला होता.

सुंता करणारे गृहस्थ आले तेव्हा मी त्यांच्या आधी त्यांची बॅग ओळखली. काळ्या चामड्याची, आणि एका बाजूची कडी तुटली म्हणून तिथे मनगटी घड्याळाच्या पट्ट्याचं बक्कल शिवलेलं. ही आमच्या जुन्या घड्याळजींची बॅग; घड्याळं दुरुस्त करत आणि सुंताही तेच करत. म्हणजे हा त्यांचा मुलगा. पन्नाशी ओलांडलेला, डोळे बापाचेच.

त्यांनी हात धुतले, बाळाचे डोळे आणि तळवे पाहिले, कावीळ नाही ना म्हणून. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नाही, असं आहे का? आईच्या माहेरी विशेष करून?"

"आमच्याकडे सगळे ठणठणीत," सासरे म्हणाले.

"आमच्याकडेही तसं काही नाही," माझी लेक म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. तिला मी कधी सांगितलंच नव्हतं.

माझे दोन भाऊ सुंतेनंतर रक्त न थांबून गेले. तिसऱ्याची सुंता झालीच नाही. दोन भाऊ असे गेले तर तिसऱ्याला हात लावायचा नाही, असा आमच्या धर्माचाच नियम आहे. तो तसाच वाढला, इतरांसारखा प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत मोजला गेला, म्हातारा होऊन गेला. पण माझं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, हे सासरी तोंडातून काढू नकोस, उद्या तुला परत पाठवतील.

मला पहिला मुलगा झाला. आठव्या दिवशी घड्याळजींनी हाच प्रश्न सासूबाईंना विचारला. त्या बिचाऱ्या नाही म्हणाल्या. मी पडद्याआड खाटेवर पडून ऐकत होते. विसाव्या वर्षी माणूस स्वतःला काय काय समजावतो. मी म्हटलं, हा माझ्यावर नाही, बापावर गेलाय.

बाळ दहाव्या दिवशी गेलं. लोक म्हणाले, घड्याळजींचा हात चुकला. मग त्यांना सुंतेला कुणी बोलावेना. पुढे पुढे तर दुरुस्तीला घड्याळंही येईनात. मी त्यांच्या दुकानावरून जाताना पलीकडच्या फुटपाथने जायचे. किती वर्षं मी पलीकडच्या फुटपाथने चालले, ते माझे गुडघे सांगतील.

"आहे," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. मी दोन भावांचं सांगितलं. मग माझ्या मुलाचं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही, याचंच नवल वाटलं.

"पण आठवा दिवस आहे," सासरे म्हणाले. "आज्ञा आहे. पाहुणे आलेत."

"जीव राखायचीही आज्ञाच आहे, आणि ती आधी येते," गृहस्थ म्हणाले. "सुंता ही खूण आहे, काका. देवाशी करार अब्राहामाच्या वेळीच झालाय. हे मूल आईच्या पोटी आलं तेव्हाच आपलं झालं, माझ्या सुरीची वाट बघत थांबलेलं नाही. आधी रक्त तपासून घ्या. धोका निघाला तर हा असाच वाढेल, आजींच्या भावासारखा."

नातीने बाळाला घट्ट धरलं होतं. सासरे खाली बसले.

गृहस्थ बॅगेचं बक्कल लावत होते. मी म्हटलं, "तुमच्या वडिलांनी विचारलं होतं. मी गप्प बसले."

त्यांचा हात थांबला. "बाबा म्हणायचे, मी विचारलं होतं, पण बहुतेक हळू विचारलं असेल. म्हणून मी मोठ्याने विचारतो."

"हळू नव्हतं. मला आतपर्यंत ऐकू आलं."

"हे त्यांना सांगायला हवं होतं, आजी."

"हो."

"बारा वर्षं झाली त्यांना जाऊन."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बॅग उचलली, बाळाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद म्हटला आणि जिना उतरून गेले.

पाहुणे एकेक करून चपला शोधू लागले. लेक माझ्या पायाशी जमिनीवर येऊन बसली.

"दादा तापाने गेला म्हणायचीस."

"हो."

"मला तरी सांगायचंस. मला मुलगा झाला असता तर?"

मी तिच्या प्रत्येक बाळंतपणात, तिला मुलगी होऊ दे, एवढंच मागत आले होते.

बाळ उठलं, रडलं, नातीने त्याला पाजायला घेतलं. मी त्याच खुर्चीत बसून राहिले. ऊठ म्हणून मला कुणी सांगितलं नाही.