खाली बघणाऱ्या बाहुल्या

त्या सकाळी साच्यातून निघालेल्या बाहुलीला नाकच नव्हतं. साचेवाल्याने ती तळहातावर धरून सगळ्यांना दाखवली. "भलत्या ठिकाणी खुपसलं असेल हिने!" भट्टीवाला म्हणाला आणि कारखान्यात हशा पिकला. मालकांची धाकटी लेक, जिला सगळे ताई म्हणत, तीही हसली. पण लगेच तिच्या लक्षात आलं, की ज्या मूळ पुतळीवरून साचे घेतले जात, तीच झिजली आहे. आता नवी पुतळी करावी लागणार होती.

ही एकच बाहुली म्हणजे अख्खा कारखाना होता. कमरेत वाकलेली, दोन्ही हातांत तबक धरलेली, नजर जमिनीला लावलेली मोलकरीण. इथे गोऱ्या साहेबाचं राज्य होतं तेव्हा त्यानेच ती घडवून घेतली. मायदेशी परतणाऱ्या मंडळींना इथल्या नोकरचाकरांची आठवण जवळ बाळगता यावी, एवढाच त्याचा प्रेमळ हेतू! पुढे राज्य गेलं, साहेब गेला, ताईच्या पणजोबांनी कारखाना विकत घेतला. झेंडा बदलला, बाहुलीची कंबर मात्र कुणी सरळ केली नाही. ती अजूनही बोटीने तिकडे जाई आणि आपल्याकडच्या बड्या घरांतही शोभेला येऊन बसे. प्रत्येक खोक्यात एक सूचना छापलेली असे, की बाहुली बैठ्या टेबलावर ठेवावी.

पुतळी करायची तर समोर जिवंत माणूस बसवावं लागे. ती आठ-नऊ वर्षांची मुलगी असावी आणि एकाच घरातली असावी, असा कारखान्याचा रिवाज होता. ते घर रंगवालीचं, म्हणजे बाहुल्यांचे डोळे रंगवणारीचं. तिची आई बसली होती, आईची आजी बसली होती. आता रंगवालीच्या लेकीची पाळी. पोरीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती जेवतानासुद्धा एका जागी टिकत नसे.

"तुला वाईट नाही वाटत?" ताईने रंगवालीला विचारलं.

"वाईट कशाचं? मान आहे तो आमच्या घराचा. माझ्या वेळी मेली पुतळी धडधाकट होती, म्हणून माझी संधी हुकली बघा." तिला त्याची खरोखरच चुटपुट लागलेली होती.

रंगवालीची म्हातारी आई दिवसभर कारखान्याच्या दाराशी बसून असे. लहानपणी एका उन्हाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती त्या पुतळीसाठी बसली, आणि मग सारा जन्म गुडघाभर उंचीच्या फळीवर वाकून डोळे रंगवत राहिली. तिची पाठ सरळ व्हायची राहून गेली ती राहूनच. तिला फक्त जमीन दिसे, त्यामुळे ती माणसं पायांवरून ओळखी. "कोण, ताई का? चपलेला टाके घाला हो, तोंडघशी पडाल," असं ती म्हणे आणि स्वतःच खुदखुदून हसे. नातीला बसवणार हे कानावर आलं तेव्हा मात्र ती हसली नाही. "तबक जड असतं गं," एवढंच म्हणाली. "पोरीला हलकं द्या."

ते वाक्य ताईच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. ती मोठ्या शहरातून कामाच्या जागांची आणि वस्तूंची रचना शिकून आली होती. आधी आपल्या हातातलं तरी करू, असं म्हणत तिने बाहुल्या वाळत ठेवायच्या मांडण्यांकडे मोर्चा वळवला. त्या जेमतेम गुडघ्याएवढ्या उंच, निम्मी खोली अडवून बसलेल्या. इतक्या बुटक्या का, असं ज्याला विचारावं तो म्हणे, "पहिल्यापासून तशाच." तिने सुताराकडून छताला टेकणाऱ्या मांडण्या करून घेतल्या, आणि जुन्या साच्यातून धड निघालेली शेवटची खेप डोळे रंगवून वरच्या फळ्यांवर लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खोलीचं दार उघडलं आणि तिचा हात कडीवरच राहिला.

सगळ्या जणी तिच्याकडे बघत होत्या. आजवर जमिनीला लागलेल्या त्या नजरा उंचावरून थेट तिच्या तोंडावर येत होत्या. ती डावीकडे सरकली, तर तिथल्या फळीवरच्या बघू लागल्या. उजवीकडे गेली, तिथेही तेच. प्रत्येकीचा चेहरा एकच होता, दाराशी बसणाऱ्या म्हातारीचा, पण नऊ वर्षांचा. त्या काही मागत नव्हत्या, रागावलेल्याही नव्हत्या. नुसत्या वाट बघत होत्या. ताईला भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही जास्त लाज वाटली.

मागून मालक आले. उंबऱ्यावर थबकले. आत पाऊल टाकेनात.

"खाली उतरव त्यांना," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"बाबा, काय झालं?"

"ती बसायची तेव्हा मी तिच्याच वयाचा होतो. ती हलली की आजोबांना सांगायचं, एवढंच माझं काम. मी अगदी मन लावून करायचो ते." मग त्यांनी घसा खाकरला आणि ते पुन्हा मालक झाले. "पण जुनं उकरून काय होणार? तिकडची मागणी येऊन पडलीय. चाळीसेक घरांच्या चुली या बाहुलीवर पेटतात. उद्या पोरीला बसव."

चुलींचं नाव निघालं की भल्याभल्यांची तोंडं बंद होतात. ताईचंही झालं. तिने तबक तेवढं पातळ पत्र्याचं करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भिंगरी बैठकीवर बसली. साचेवाल्याने तिची कंबर वाकवली, हनुवटी खाली दाबली, हातांत तबक दिलं. मालक समोर उभे राहिले. थोडा वेळ पोरगी चुळबुळली, मग गप्प झाली. तिला असं गप्प कुणी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात तिचा बारीक आवाज आला.

"मालक, तुमच्या बुटाची शिवण उसवलीय. आणि ताई, तुमच्या चपलेचा अंगठा तुटायला आलाय."

दाराशी बसलेली म्हातारी एकदम "अगं बाई!" म्हणाली.

रंगवालीचा कुंचला थांबला. ती उठली, सगळ्यांच्या मधून चालत आली आणि तिने लेकीच्या हातातून तबक काढून घेतलं.

"ऊठ."

"अगं, मान आहे ना तुमचा?" मालक म्हणाले.

"माझ्या आईला माझी चप्पल पाठ आहे, मालक. माझं तोंड तिला आठवत नाही. रोज जेवायला शेजारी बसते मी तिच्या." रंगवालीने तबक जमिनीवर ठेवलं. "काम बंद करायचं तर करा. ही बसणार नाही."

मालकांनी लेकीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. चाळीस घरं म्हणजे काय, ते ताईला त्या क्षणी कळलं.

"पुतळी होणार नाही, बाबा."

"आणि चुली?"

"त्यांचं काय करायचं ते मला एकटीला नाही ठरवता येणार. आपण तरी आजवर एकट्यानेच ठरवत आलो ना? आता सगळे बसून ठरवू. बसायला खुर्च्या आणा आधी."

पुढे सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. तिकडची मागणी तुटली. भट्टीवाला चांगला माणूस होता, तोही कंटाळून दुसरीकडे गेला. उरलेल्यांनी साध्या कुंड्या आणि वाडगे करून दिवस काढले. रंगवायच्या फळ्या माणसाच्या उंचीला आल्या. कारखान्यात राबणारा प्रत्येक जण त्याचा भागीदार झाला, आणि ज्याचा चेहरा घ्यायचा त्याला विचारल्याशिवाय, त्याचा वाटा ठरवल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही, असं ठरलं. नवी बाहुली भिंगरीचीच झाली, तिने स्वतः होऊन निवडलेल्या पवित्र्यात, पळता पळता मागे वळून हसणारी. ती खपते, पण जुनीइतकी नाही. वाकलेल्या बाईला अजूनही गिऱ्हाईक जास्त आहे.

म्हातारीने ही नवी बाहुली पाहिली नाही. ती त्याच हिवाळ्यात गेली. तिला गादीवर सरळ निजवता येईना. शेवटी पाठीखाली उशांवर उशा लावून तिला टेकवलं, तेव्हा तिचं तोंड वर आलं आणि रंगवालीने जन्मात पहिल्यांदा आपल्या आईचा चेहरा समोरून नीट पाहिला. बराच वेळ ती बघत राहिली.

जुन्या बाहुल्यांची ती शेवटची खेप विकली नाही, फोडलीही नाही. ती अजून वरच्या फळीवर आहे. मालक रोज सकाळी त्या खोलीत जातात, खाली उभे राहतात आणि मग कामाला लागतात.

तुमच्याही दिवाणखान्यात ती असेल. नसली तर तिची एखादी बहीण असेल, पाण्याचा घडा घेतलेली, पंखा धरलेली, ओझं वाहणारी. बैठ्या टेबलावर ती फार गोड दिसते. एकदा तिला घरातल्या सगळ्यात उंच फळीवर ठेवा आणि तिच्याखाली जाऊन उभे राहा.