कोचच्या अंगणातल्या पाट्या

शनिवारी कोच डेल स्ट्राउडच्या अमेरिकन फुटबॉल संघाची पोरं एकेचाळीस-तीन असा सपाटून मार खाऊन आली. रविवारी सकाळी त्याच्या बायकोने, लोरीनने, पडदा सारला, तर अंगणात अकरा पाट्या रोवलेल्या: 'घर विकणे आहे.' तिला काही नवल वाटलं नाही. फुटबॉलचा कोच हरला की गाव त्याच्या दारात हेच लावतं. एकतीस वर्षांत चौदा गावं झाली, टेक्ससमध्ये तर छापील पाट्या असायच्या. हे नेब्रास्का, इथली माणसं सभ्य. एका पाटीखाली 'राग नसावा' असंही लिहिलं होतं. अक्षर पाद्र्याच्या बायकोचं होतं.

पण आधीच्या तेरा घरांत लोरीनने भिंतीला एक खिळा ठोकला नव्हता. या घरात तिने अठ्ठावीस ठोकले होते. आता इथून हलायचं नाही, हे तिचं ठरलं होतं. नवऱ्याला सांगणं तेवढं राहिलं होतं.

नवरा स्वयंपाकघरात, फोन नुकताच ठेवलेला, चेहरा नवरदेवासारखा.

"आयडाहोतून बोलावणं आलंय, कोच म्हणून," तो म्हणाला. "पोरं चांगली धिप्पाड आहेत म्हणे. उद्या कळवतो म्हटलं."

"काय कळवणार?"

"येतो म्हणून. दुसरं काय कळवतात?"

"मग जा तू. मी येत नाही."

हे ती तेरा वेळा म्हणाली होती, भांडी आपटून. आज तिने आवाजही चढवला नाही, म्हणून डेल चपापला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक तरुण जोडपं, बायकोला आठवा महिना असावा.

"अकरा पाट्या बघितल्या," तो तरुण म्हणाला. "फारच घाई दिसतेय तुम्हाला."

लोरीन खरं काय ते सांगणार, तोच डेलने "या, या" करून त्यांना आत घेतलं. माणसांना पुढे घालून हाकायची त्याची सवयच.

"हे बाथरूम," म्हणत त्याने दार उघडलं. आतून केरसुणी त्याच्या अंगावर आली.

"इथे बाथरूम ओहायोतल्या घरात होतं," लोरीन म्हणाली.

"तळघर काही नाही," डेल ठासून म्हणाला. लोरीनची लोणच्याच्या पन्नास बरण्यांची फळी तळघरातच होती. तिला हसू आवरेना.

"सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं हो?" त्या पोरीने विचारलं. "पाळणा ठेवायचाय."

चौदा गावांतल्या चौदा मैदानांवर वारा कुठून वाहतो हे डेलला पाठ होतं. पण घरातली सकाळ त्याने कधी पाहिली नव्हती. त्याने बायकोकडे बघितलं. हसता हसता तिचे डोळे भरून आले होते.

"मागच्या खोलीत," ती म्हणाली. "मी तिथेच बसते. एकटी."

डेलने टोपी काढली आणि बराच वेळ हातात फिरवली.

"माफ करा," तो त्या जोडप्याला म्हणाला, "घर विकायचं नाही. मीच अजून बघितलेलं नाही."

ती दोघं गेल्यावर त्याने आयडाहोला फोन लावून नाही म्हणून सांगितलं. इथली नोकरी टिकेल की नाही, कोण जाणे.

"चल, दाखवते," लोरीन म्हणाली. "पण बूट काढ. फरशी आत्ताच पुसलीय."