नवव्या महिन्याची बॅग

मित्रांनो, मी एक जुनी निळी बॅग आहे आणि खरं सांगते, आता मी लय दमले आहे. माझी चेन तीनदा बदलली. एक बंद तर सुतळीनं शिवलाय. पण गावात कुणाला ना कुणाला नववा महिना लागलेलाच असतो, मग मला कोण बसू देणार!

मोटारसायकलच्या सीटला लावतात ना, त्या रेक्झिनच्या उरलेल्या तुकड्यांतून सेलूच्या एका शिंप्यानं मला शिवलं. झरीजवळच्या आमच्या गावात सुलाबाई या आरोग्य खात्याच्या आशाताई आहेत. त्यांनी मला आणलं. आठवा महिना सरत आला की त्या मला त्या गरोदर बाईच्या घरी नेतात आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवतात. माझ्या पोटात तपासणीचं कार्ड, आधार, पासबुक, दोन गाऊन, पॅड, जुन्या सुती साडीची धुऊन उन्हात वाळवलेली फडकी आणि बाळाची झबली-टोपी असते. माझ्या झाकणाच्या आत सरकारी ॲम्ब्युलन्सचा एकशे आठ नंबर आणि जीपवाल्या महारुद्रचा नंबर लिहिलेला आहे. गाडी एकदम शोधायची म्हटलं की माणसं गडबडतात, म्हणून.

सुरुवातीला मला कुणी घरात घेईना. बाळ यायच्या आधी त्याचे कपडे आणत नाहीत, अशी आमच्याकडची रीत. सुलाबाईंनी त्यावर तोड काढली. त्या म्हणायच्या, "नवं कायबी घेऊ नका. हे झबलं रोहिणीच्या लेकीच्या अंगावरचं हाय. घेतलेलं न्हाई, दिलेलं हाय!" मग सासवांना बोलायला जागा उरायची नाही.

पुढं माझं कौतुक व्हायला लागलं. चांगल्या पायगुणाची बॅग म्हणून बाया माझ्यावरून हात फिरवायच्या. पण बाळंतीण घरी आली की माझ्याकडं कोण बघतंय? मला न धुता खताच्या पोत्यावर टाकून देतात. उंदरांनी माझा एक कोपरा तिथंच कुरतडला.

गेल्या डिसेंबरात मी निकिताच्या माहेरी गेले. तिचं पहिलंच बाळंतपण. तिच्या आईला, कडूबाईंना, झबली चालली, पण कार्ड चाललं नाही. कारण त्यावर बाळाची तारीख लिहिलेली होती!

"तारीख अशी उघड्यावर टांगायची? कुणाची नजर कशी असती काय सांगावं," असं म्हणून त्यांनी कार्ड काढून पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. किल्ली निकिताच्या वडिलांच्या, व्यंकटरावांच्या, करदोड्याला. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण दोन दिवसांनी त्यांनी मला रिकामी केली आणि शेतातून ढाळा, म्हणजे हिरवा हरभरा, आणायला नेलं. बॅगेला कोण विचारतंय?

एका दुपारी निकिता कपाळ धरून बसली. तिचा चेहरा सुजला होता.

"माय, डोकं लय दुखायलंय. डोळ्यापुढं काजवे चमकायलेत."

"पित्त असंल. आल्याचा रस देते."

"पित्त न्हाई गं! सुलामावशीनं सांगितलंय, डोकं ठणकलं, अंधारी आली, तोंडावर सूज आली, अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं न्हाईतर बाळ हलायचं कमी झालं, तर वाट बघायची न्हाई. फोन लाव!"

फोन लागला. गाडीही आली आणि सुलाबाई धावतच आल्या. त्यांनी माझी चेन उघडली. आत ढाळ्याची पानं!

"कडूबाई, कार्ड कुठाय?"

"पेटीत."

"आन् किल्ली?"

"ह्यांच्या करदोड्याला. हे कापूस घेऊन सेलूला गेलेत."

"आता करदोड्याला फोन लावू का मी?" सुलाबाई ओरडल्या. "त्याच्यावर मोठ्या डॉक्टरनं लिवलंय, कुठं न्यायचं ते!"

कडूबाईंनी वरवंटा उचलला आणि कुलपावर घातला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कोयंडाच निघाला. कार्डावर आदल्या तपासणीचा वाढलेला रक्तदाब होता आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं की बाळंतपण परभणीच्या मोठ्या दवाखान्यातच करावे. गाडीतल्या डॉक्टरांनी ते वाचून तिथं आधीच फोन केला आणि जवळच्या केंद्रात न थांबता गाडी सरळ परभणीला नेली.

पोट फाडून मुलगी झाली, वजनाला कमी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. निकिताचा रक्तदाब उतरायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस कडूबाई मला मांडीवर घेऊन बाहेर फरशीवर बसून होत्या. चौथ्या दिवशी नर्सनं बाळाची टोपी मागितली. माझ्यात टोपी नव्हती. कडूबाईंनी शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी बाळंतिणीपुढं टोपीसाठी हात पसरला.

आता निकिताची लेक मान धरते. मी ईश्वरीच्या घरी आहे. तिच्या सासूबाई कालच कार्ड काढून ठेवत होत्या, तेवढ्यात कडूबाई दारात!

"वैनी, ठिवा ते माघारी," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीच्या येळंला मी हेच केलं व्हतं."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी बाळंतीण होणार असेल, तर मला वेळेवर भरा. कार्ड माझ्यातच राहू द्या. आणि घरी परत आणलंत की मला धुऊन उन्हात टाका. मी दमले आहे, पण भरलेली असले की मला ओझं वाटत नाही. रिकामी असले तेव्हाच माझे बंद दुखतात.